मुकी रवानगी

पाच खिडक्या बदलायच्या, एवढंच काम होतं. पण नेरेओ ब्रेसान यांनी ते ज्या थाटात हाती घेतलं, त्या थाटात लोक बंदर बांधायला घेतात.

अर्थात इटलीच्या टोकाशी वसलेल्या त्रिएस्तेत खिडकी म्हणजे काही साधी वस्तू नाही. इतर गावांत वारा वाहतो. इथे बोरा येतो, आणि तोही दूरच्या नातेवाइकासारखा: न कळवता, सामानासकट, तीन दिवसांसाठी म्हणून, आणि राहतो नऊ. ब्रेसानांच्या स्वयंपाकघरातली खिडकी त्याच्या स्वागताला शीळ घालायची. ब्रेसानांच्या पत्नी ओंदीनाबाई चर्चच्या गायकवृंदात चाळीस वर्षं गायलेल्या. त्यांची तक्रार थंडीबद्दल नव्हतीच. त्यांचं म्हणणं, खिडकी शीळ घालते ती पाव सूर चढी घालते, आणि एक वेळ माणूस गारठा सोसेल, पण नऊ दिवस बेसूर कोण सोसणार? म्हणून दर नोव्हेंबरात त्या बॅग भरून दक्षिणेला, बारीला, मुलीकडे जायच्या आणि एप्रिलात संत्री घेऊन परत यायच्या. मधले पाच महिने ब्रेसान मास्तर घरात लोकरी टोपी घालून बसत, घेवड्याचं आणि आंबवलेल्या कोबीचं सूप बुधवारी करत आणि मंगळवारपर्यंत खात.

मग ओंदीनाबाईंची जेम्मा मावशी वारली आणि भाचीला बारा हजार युरो ठेवून गेली. मास्तरांनी हिशोब मांडला. सरकारची योजना अशी होती की घरातली ऊब वाचवणाऱ्या खिडक्या बसवा, खर्चातला अर्धा भाग आम्ही तुमच्या करातून वजा करू, दर वर्षी थोडा थोडा, दहा वर्षं. म्हणजे बारा घालायचे आणि सहा परत. दर वर्षी सहाशे. सहाशेत बारीचं तिकीट आणि नातवंडांचा खाऊ सहज बसतो. "म्हणजे तू मे महिन्यात जाशील," मास्तर म्हणाले, "पळून नव्हे, पाहुणी म्हणून."

हे वाक्य ओंदीनाबाईंना आवडलं. मास्तरांची वाक्यं आवडण्याजोगीच असत. त्यांनी अडतीस वर्षं शाळेत व्याकरण आणि निबंध शिकवले होते, आणि त्रिएस्तेत शाळेतल्या मास्तरांनाही प्रोफेसर म्हणतात. तरी बाईंनी एक सूचना केली, की हे कागदपत्रांचं काम आपण पहिल्यापासून कर-मदत केंद्रातल्या बाईंकडे देऊ या. मास्तर नुसते हसले. फॉर्म म्हणजे असतं काय? रिकाम्या जागा भरा. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना घातला होता.

"अर्धे परत येतील असं तू म्हणालायस," ओंदीनाबाई म्हणाल्या. "मावशीच्या पैशाला शब्द दिलायस, मास्तर. मला नाही."

मावशी जिवंतपणीही मास्तरांना वचकून नव्हती, उलटच होतं. त्यामुळे हा शब्द चांगलाच जड होता.

बातमी खालच्या मजल्यावर पोचायला एक जिना उतरण्याइतकाच वेळ लागला. तळमजल्यावर तुल्लिओ राहतो, जकात खात्यातून निवृत्त. तीस वर्षं सीमेवर उभं राहून त्याने लोकांच्या बॅगा उघडल्या, आणि आता बॅगा मिळत नाहीत म्हणून तो लोकांची कामं उघडून बघतो. त्याचा पहिला सल्ला असा, की सरकारी कागदावर विचारलंय तेवढंच लिहावं, खरं असलं तरी. दुसरा सल्ला, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून ठेवावा. तिसरा सल्ला नव्हता, ती मागणी होती: जुन्या खिडक्या टाकून देऊ नका, वर पठारावरच्या माझ्या वाफ्यात टोमॅटोंना काचघर करतो. मास्तरांनी दुसरा सल्ला सोडून बाकी सगळं मान्य केलं.

मग इमारतीच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं. त्यात म्हटलं होतं की बाहेरच्या बाजूने खिडक्यांचा रंग इतर घरांसारखाच पांढरा असावा. मास्तर रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि त्यांनी मोजले: इमारतीत सात प्रकारचे पांढरे होते, त्यातला एक सरळसरळ पिवळा. त्यांनी उत्तर पाठवलं, त्यात "पांढरा" या विशेषणाच्या व्याप्तीवर पाऊण पान होतं. व्यवस्थापकांचं उत्तर आलं: "बरं." मास्तरांनी तो कागद विजयाचा दस्तऐवज म्हणून फाइलीत लावला. फाइल निळी होती, आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'खिडक्या' लिहिलं होतं.

खिडक्या केल्या मिर्को श्काबार नावाच्या सुताराने. त्याचा कारखाना वर कार्सोच्या पठारावर, जिथून बोरा निघतो तिथेच. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, आणि बोलण्याच्या बाबतीत असा की शब्दांवरही त्याला जकात भरावी लागत असावी. एप्रिलात दोन दिवसांत त्याने पाचही खिडक्या बसवल्या. शेवटची स्वयंपाकघरातली. ती त्याने बसवली, तिच्या चारी कडांवरून तळहात फिरवला, कान लावला, आणि मग हातावरचा भुसा झाडत म्हणाला, "सर, मी तुमचा विद्यार्थी. माध्यमिकची तिसरी ब."

मास्तर म्हणाले, "हो, हो." सगळे शिक्षक असंच म्हणतात, त्याचा अर्थ आठवत नाही असा असतो. मग काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, की निबंधात किती असायचे?

"चार," मिर्को म्हणाला.

दहापैकी सहाला पास. मास्तर मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, बघ, म्हणजे प्रगती केलीस की. मिर्कोही हसला असावा; त्याने मान खाली घालून हत्यारं पेटीत भरली.

आता पैसे पाठवायचे होते, आणि इथे मास्तरांच्या हातून जे घडलं ते नीट सांगायला हवं, कारण त्यांनी ते पुढे सहा महिने कुणालाच नीट सांगितलं नाही.

बँकेच्या पानावर पैसे पाठवायच्या दोन वाटा होत्या. एक नेहमीची. दुसरीवर लिहिलं होतं, 'घरसुधारणा: करसवलतीसाठी'. मास्तरांनी दुसरी उघडली होती. बरोबर दारावर टकटक केली होती. पण त्या पानावर, जिथे 'पैसे कशासाठी' हे लिहायचं असतं, ती जागा आधीच भरलेली होती. कायद्याचा आकडा, कलमाचा आकडा, पोटकलम, साल. कर्ता नाही, क्रियापद नाही. आणि त्या जागेत काही लिहू देईना. मास्तरांच्या मनात मात्र दोन दिवस घोळवलेलं एक वाक्य तयार होतं. बँक एकशेचाळीस अक्षरं देते. मूळ वाक्य दोनशेदहाचं होतं. त्यांनी एकेक विशेषण काढलं होतं, डोळ्यांत पाणी आणून काढलं होतं, आणि उरलं होतं ते असं: 'वाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं राहायला शिकवणाऱ्या पाच खिडक्यांसाठी, त्या घडवणाऱ्या हातांना कृतज्ञतेने.'

असलं वाक्य बाजूला ठेवून पोटकलम पाठवायचं? त्यांनी ते पान बंद केलं, नेहमीची वाट धरली, वाक्य लिहिलं, एकदा वाचलं, स्वल्पविराम तपासला आणि बारा हजार युरो रवाना केले. पाठीमागे ओंदीनाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांना त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, छान आहे.

पुढची पायरी ऊर्जा खात्याच्या संकेतस्थळाची. काम संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तिथे सगळी माहिती भरायची. मास्तरांनी अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी सुरुवात केली. परीक्षेच्या आधी दोन दिवस अभ्यास करणाऱ्यांना त्यांनी जन्मभर जे ऐकवलं होतं, ते त्या वेळी नेमकं आठवलं नाही. नव्या खिडक्यांबद्दलचे प्रश्न सोपे होते, मिर्कोने दाखला दिला होता. पण संकेतस्थळाला जुन्या खिडक्यांबद्दल जास्त जिव्हाळा. जुनी चौकट कशाची? काच एकेरी की दुहेरी? प्रत्येकीचं क्षेत्रफळ? आणि मध्ये वीस मिनिटं विचार केला, तर तुम्ही झोपलात असं समजून ते सगळं पुसून टाकी.

जुन्या खिडक्या टोमॅटोंवर होत्या.

ऐन जुलैच्या उन्हात, गळ्यात टाय, हातात मोजपट्टी, असे मास्तर पठारावर गेले. तुल्लिओने खिडक्या खरंच कामी लावल्या होत्या, पण आपल्या सोयीने: दोन उभ्या, दोन छपरावर, आणि पाचवी अर्धी कापून दार. कापलेली अर्धी कुठे, तर कोंबड्यांकडे. मास्तरांनी वाफ्यात गुडघे टेकून मोजमाप घेतलं. आकडे सांगायचं काम तुल्लिओकडे होतं, पण तो दर आकड्याबरोबर एक टोमॅटोही दाखवत होता आणि त्याचं वजन सांगत होता, त्यामुळे घरी आल्यावर एका खिडकीचं क्षेत्रफळ तीनशे वीस ग्रॅम निघालं. पुन्हा जावं लागलं. कोंबड्यांच्या बाजूने या वेळी थोडा विरोध झाला. मास्तरांच्या पॅंटचा उजवा पाय त्या दिवसापासून बागकामाला गेला, आणि डावाही, कारण एकट्या पायाची पॅंट ठेवून करायचं काय.

नव्वदाव्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी संकेतस्थळाने पोचपावती दिली. मास्तरांनी ती छापली, फाइलीत लावली आणि जेवताना दोन वेळा फाइलीकडे बघितलं. ओंदीनाबाई ताटं उचलताना गुणगुणल्या. त्यांना अशी सवय होती. त्यांच्या आईलाही होती, जात्यावर नाही तरी कपडे पिळताना.

"वाऱ्या रे वाऱ्या, पायरीवर थांब,
मास्तरांच्या कागदाची वाट आहे लांब."

मास्तरांनी वृत्त बरोबर असल्याचं मान्य केलं आणि आशय चुकीचा असल्याचं सांगितलं. वाट संपली होती. आता नुसती फाइल नेऊन दाखवायची.

सप्टेंबरात ते ती घेऊन कर-मदत केंद्रात गेले. खरं म्हणजे कराचं विवरणपत्र पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात भरायचं होतं. पण मास्तरांना वर्गात पहिला येणाऱ्याचं कौतुक काय असतं ते एकदा स्वतः अनुभवायचं होतं. चिठ्ठीवर नंबर एकोणसत्तर आला. पावणेदोन तासांनी लोरेदाना पितक्को नावाच्या बाईंनी त्यांना समोर बसवलं. चष्मा साखळीला बांधलेला, टेबलावर अर्धी प्यालेली कॉफी. त्यांनी फाइल उघडली, एकेक कागद पालथा टाकत गेल्या, आणि मास्तरांना जाणवलं की त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटतंय. व्यवस्थापकांच्या "बरं" वर तर त्या चक्क हसल्या. मग बँकेची पावती आली आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवलं.

"सुंदर आहे हो, प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "पण ही रवानगी मुकी आहे."

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

बाईंनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, रोज तीन-चार जणांना सांगावं लागतं तसं. करसवलतीसाठी पैसे पाठवायचे ते बोलक्या रवानगीने. तसं नावच आहे तिचं, बोलकी. तिच्यावर कायद्याचा आकडा लागतो, तुमचा करक्रमांक लागतो, सुताराचा करक्रमांक लागतो. मग ती सरकारशी बोलते. हिच्यात यातलं काहीच नाही. हिला तोंडच नाही.

अडतीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाच्या वाक्याला, एकशेचाळीस अक्षरांच्या वाक्याला, स्वल्पविरामासकट, सरकारने मुकं ठरवलं होतं. मास्तरांनी विचारलं की ज्यात कर्ताही नाही आणि क्रियापदही नाही, ते पोटकलम बोलकं कसं? लोरेदानाबाई म्हणाल्या की हा प्रश्न त्यांनाही कधीकधी पडतो, पण तो रोममध्ये कुणाला पडत नाही.

"म्हणजे सवलत गेली?"

"आजच्या कागदांवर तरी गेली."

घरी जायच्या आधी ते बँकेत गेले. बँकेतल्या माणसाने सांगितलं की पाठवलेल्या पैशांच्या तोंडात नंतर शब्द घालता येत नाहीत. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात तुल्लिओ भेटला, आणि कोपऱ्यावर भेटल्यामुळे त्याला सगळं कळलं. त्याचं मत पडलं की सुताराने पैसे परत करावेत आणि मास्तरांनी ते पुन्हा, बोलके करून, पाठवावेत. जमलेल्या चौघांनी यावर माना डोलावल्या. मग एकाने विचारलं की ज्याच्या खिशात बारा हजार एकदा गेलेत, तो ते बाहेर काढेल का. आणि त्या चौघांनी यावरही माना डोलावल्या.

ओंदीनाबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते मास्तरांना जास्त लागलं. "तिथे दुसरी काही वाट नव्हती का, पैसे पाठवायची?" त्यांनी एवढंच विचारलं. मास्तर म्हणाले, बँकांची पानं फार गोंधळाची असतात. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं.

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर नोव्हेंबरवर उलटून बघितलं आणि पुन्हा सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मास्तर पठारावर. मिर्को रंधा मारत होता. पैसे परत करायचं ऐकून त्याने रंधा ठेवला आणि कोपऱ्यातल्या नव्या यंत्राकडे बोट दाखवलं. पैसे ते होते. हिरव्या रंगाचे, पाऊण टन. मास्तर खाली बसले. मग मिर्कोनेच केंद्रात फोन लावला, ऐकलं, तीनदा "हो" म्हणाला आणि ठेवला. दुसरा एक मार्ग होता. सुताराने स्वतःच्या सहीने निवेदन द्यायचं, की हे पैसे या कामाचे, मला मिळाले, मी ते माझ्या हिशोबात घेतले. तसं लिहून दिलं की मुकी रवानगीही चालते.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना? त्यांनी तिथेच लाकडाच्या ठोकळ्यावर कागद पसरला आणि मिर्कोच्या वतीने निवेदन लिहून काढलं. दीड पान झालं. त्यात एक वाक्य अकरा ओळींचं होतं आणि त्यात चार गौण वाक्यं एकमेकांच्या कुशीत झोपली होती. मिर्कोने ते ओठ हलवत वाचलं, शेवटपर्यंत, आणि कागद परत केला.

"सर, हे मला कळलं नाही. जे कळत नाही त्यावर मी सही करत नाही."

"मग तू लिही."

"मी लिहिलेलं तुम्हाला चालायचं नाही," मिर्को म्हणाला. आवाजात राग नव्हता, फळी किती लांबीची आहे ते सांगावं तसा होता. "एकदा लिहिलं होतं."

तो आत गेला. बिलं ठेवतात तसा एक पत्र्याचा डबा घेऊन आला, आणि त्यातून एक वही काढली. आईने जपली होती, तो म्हणाला; त्याने नाही. वहीत चौथ्या पानावर विषय लिहिला होता: 'आमच्या घरी बोरा येतो तेव्हा'. खाली निळ्या शाईत:

'बोरा येतो. खिडकी रडते. आई तिच्या डोळ्यांना वर्तमानपत्र लावते. आमच्या घरातल्या बातम्या ओल्या असतात.'

आणि त्याखाली लाल शाईत मास्तरांचं स्वतःचं अक्षर, तरुणपणीचं, उजवीकडे झुकलेलं, आत्मविश्वासाने भरलेलं: 'विषय पुरेसा फुलवलेला नाही. चार.'

यंत्र बंद होतं. बाहेर कुणाचीतरी बकरी ओरडत होती. मास्तरांनी तो निबंध एकदा वाचला, मग पुन्हा, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांना त्यांचं एकशेचाळीस अक्षरांचं वाक्य आठवलं. 'घडवणाऱ्या हातांना कृतज्ञतेने.' दोनशेदहातून काढून काढून ते तिथवर आले होते. हा पोरगा तेराव्या वर्षी, काही न काढता, तिथून कितीतरी पुढे उभा होता.

"पूर्ण वर्ष गेलं त्या चारावर," मिर्को म्हणाला. "तक्रार नाही. वडिलांनी सुतारकामाला घेतलं, बरंच झालं. फक्त एकदा विचारायचं होतं. फुलवायचं म्हणजे काय करायचं होतं, सर?"

मास्तरांपाशी या प्रश्नाला अडतीस वर्षांची उत्तरं होती. त्यांनी त्यातलं एकही दिलं नाही. ते म्हणाले, "काही नाही. काहीच करायचं नव्हतं." आणि खिशातून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते तिथेच असे. चारावर एक नीट आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: साडेनऊ. खाली सही आणि आजची तारीख.

मिर्कोने बघितलं. "अर्धा कशाचा कापला?"

"चौथ्या वाक्यात 'घरातल्या' नंतर टिंब पडलंय."

मिर्कोने वही उजेडात धरली. "ते टिंब तुमच्या लाल शाईचं आहे, सर."

मास्तरांनी चष्मा काढून, वहीला नाक लावून पाहिलं. लालच होतं. त्यांनी साडेनऊवरही रेघ मारली. त्यांच्या हयातीत त्यांनी कुणालाच दहा दिले नव्हते. आज लिहिले. मग मिर्कोने लाकडाच्या एका जुन्या पावतीमागे, पेन्सिल ओली करून, निवेदन लिहायला घेतलं. सात मिनिटांत झालं. मास्तर त्या सात मिनिटांत एकदाही वाकून बघायला गेले नाहीत. त्यांच्या बाजूने हा मोठाच पराक्रम होता. मग ते पांढऱ्या कागदावर शाईने उतरवलं, सही झाली, ओळखपत्राची प्रत जोडली, आणि शेजारच्या घरावर फांदी टांगलेली होती म्हणजे त्यांची घरची वाइन विकायला काढलेली होती, तेव्हा दोघं तिथे गेले. तुल्लिओला हे नंतर कळलं आणि आपल्याला बोलावलं नाही म्हणून तो दोन दिवस बोलला नाही. तीन दिवसही चाललं असतं.

लोरेदानाबाईंकडे या वेळी नंबर बारा आला. त्यांनी निवेदन घेतलं, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं:

'मी मिर्को श्काबार, सुतार. प्रोफेसर ब्रेसान यांच्या घरी पाच खिडक्या मी केल्या आणि बसवल्या. त्याचे बारा हजार युरो मला सात मे रोजी मिळाले. ते मी माझ्या हिशोबात धरले आहेत आणि त्यावर कर भरणार आहे. आता वारा आत येत नाही.'

मधल्या तीन वाक्यांवर त्यांनी पेन्सिलने बरोबरच्या खुणा केल्या. इतकं स्पष्ट निवेदन या टेबलावर आजवर आलं नाही, असं त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. लोक दोन-दोन पानं लिहून आणतात आणि त्यात पैसे मिळाले का तेच सापडत नाही. मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातलं दीड पान हलकेच आणखी आत ढकललं.

"शेवटचं वाक्य कायद्याला लागत नाही," बाई म्हणाल्या. "खोडू?"

"खोडू नका," मास्तर म्हणाले. "बाकीचं खोडलंत तरी ते ठेवा."

बाईंनी ते ठेवलं. पोचपावतीमागे निवेदन, निवेदनामागे मुकी रवानगी असं लावून टाचणी मारली आणि सांगितलं की आता काळजीचं कारण नाही, मे महिन्यात सहीला या. पहिला तुकडा तेव्हा, मग दर वर्षी, दहा वर्षं. मास्तर निघताना बाईंनी कागदावर त्यांचं वय बघितलं, बहात्तर. मास्तरांनी ते पाहिलं. म्हणाले, सरकारने मला ब्याऐंशीपर्यंत हजर राहायला सांगितलंय. इतका भरवसा माझ्या डॉक्टरांनीही कधी दाखवला नव्हता.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा बोरा आला. सकाळपासून रस्त्यावरच्या मोटारसायकली आडव्या पडत होत्या, समोरच्या गॅलरीतला एक टॉवेल बंदराच्या दिशेने निघून गेला होता. घरात मात्र चमचा कपात ठेवला तर त्याचा आवाज ऐकू येत होता. ओंदीनाबाई शेंगा सोलत होत्या, बॅग कपाटावर होती आणि तिच्यावर धूळ होती. मास्तरांनी हीच वेळ बरी असं ठरवून, घसा साफ करून, कबुली दिली: दुसरी वाट होती. बँकेच्या पानावर स्पष्ट लिहिलेली होती. मी ती उघडलीही होती. तिथे माझं वाक्य लिहायला जागा नव्हती, म्हणून बंद केली.

ओंदीनाबाईंनी एक शेंग पुरती सोलली.

"मी तुझ्या मागेच बसले होते, मास्तर. तू ते पान उघडलंस, 'हं' म्हणालास आणि बंद केलंस. 'हं' ऐकला मी. पन्नास वर्षं ऐकतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"ते पान कशाचं ते मला काय माहीत. आणि मग तू वाक्य वाचून दाखवलंस." त्यांनी टरफलं गोळा केली. "वाक्य छान होतं. मावशीलाही आवडलं असतं. सरकारशी बोलायचं नव्हतंच ते. मिर्कोशी बोललं की."

मास्तरांनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर वारा भिंतीला खांदा लावून उभा होता, आणि आत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ओंदीनाबाई मान तिरकी करून बसून राहिल्या, सूर द्यायची वाट बघणाऱ्या गायकासारख्या.

"फारच गप्प झालंय रे," त्या म्हणाल्या. "जरा उघड. बोटभरच."

"ओंदीना, हिच्या बंद राहण्यावर सरकार मला पैसे देतंय."

"दहा वर्षं देतंय. एका मिनिटाचे कापतील तर कापू देत."

मास्तर उठले. स्वयंपाकघरातल्या खिडकीची मूठ फिरवली आणि बोटभर, नेमकी बोटभर, फट केली. वारा शीळ घालत आत आला. ओंदीनाबाईंनी डोळे मिटले आणि ऐकलं.

"सुरात आहे," त्या म्हणाल्या. "लाव आता."